साधन यंत्राचे, साधना शिक्षकाची

(मोहोळ येथे भावी अध्यापकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मोहोळला लागूनच माढा तालुका आहे. त्या तालुक्यातील परितेवाडी या छोट्या वस्तीचे नाव ३ डिसेंबर २०२० रोजी जगभर पोहोचले. तेथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना लंडनमधून ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. पारितोषिक होते दहा लाख डॉलरचे. त्याची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांमध्ये वाटून देण्याचे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. वार्ताहरांनी रकमेचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. पण शिक्षणाच्या दृष्टीने लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्या वाटून देण्यात आहे.

डिसले गुरुजी अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून अध्यापनाकडे वळलेले. २००९मध्ये ते परितेवाडीला रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला साठवणीची खोली अशा अवस्थेत होती. तेथे त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मूल कोड भ्रमणध्वनीसमोर धरते आणि कविता ऐकू येते, चित्रफीत दिसते, स्वाध्याय उघडतो. हा चौकोनी कोड १९९४मध्ये जपानमध्ये जन्मला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यातील ती खूण मुलाच्या पुस्तकात आणण्याची कल्पना शिक्षकाची. पुढे २०१७मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठही सुरू झाले. म्हणजे वस्तीवरच्या शाळेत जे उगवले, ते पुढे राज्यभर पोहोचले.

आता सामाजिक शास्त्रे शिकवू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. साधने हाती आली, पण त्यांतून शिकवायचे काय?

अध्यापनाच्या सरावासाठी शाळेत गेलेल्या एखाद्या छात्राध्यापिकेचे उदाहरण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. सातवीचा वर्ग, विषय मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध. तिने रात्र जागवून पन्नास सरकचित्रे तयार केली आहेत. वर्ग अंधारा करून ती एकामागून एक चित्र दाखवते. मुले शांत बसतात आणि तिला वाटते, पाठ रंगला. पण तास संपल्यावर एकही प्रश्न येत नाही. मुले प्रेक्षक झाली, विद्यार्थी झाली नाहीत. आणि मध्येच वीज गेली, तर तिच्याजवळ बोलायलाच काही उरत नाही.

हाच पाठ दुसऱ्या रीतीने घेता येतो. मोहोळ तालुक्याच्या दक्षिण सीमेवर भीमाकाठी बेगमपूर आहे. पलीकडच्या तीरावर, मंगळवेढे तालुक्यात, माचणूर आणि ब्रह्मपुरी. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी या ब्रह्मपुरीला होती. मोगल साम्राज्याचा कारभार काही वर्षे आपल्या भीमेच्या तीरावरून चालला, हे इथल्या किती मुलांना ठाऊक असते? ‘इस्रो’ने २००९मध्ये ‘भुवन’ ही उपग्रह-नकाशांची सेवा सुरू केली. त्या नकाशावर मुलांना भीमेचे वळण शोधू द्यावे. तेथून जिंजीपर्यंतचे अंतर मोजू द्यावे, कारण त्या काळातील बराच वेळ छत्रपती राजाराम महाराज तिकडे होते. बादशहा भीमाकाठी बसलेला असताना १६९५च्या अखेरीस संताजी घोरपड्यांनी कर्नाटकात दोड्डेरीला मोगली फौज कोंडली. तेही ठिकाण मुलांनी शोधावे. मग शिक्षिकेने एवढेच विचारावे, “एवढ्या मोठ्या फौजेला पाणी, धान्य, वैरण कुठून मिळत असेल?” आता मुले बोलू लागतात. शेतकऱ्याचे मूल तर सर्वांच्या आधी बोलते, कारण वैरणीचा हिशेब त्याच्या घरातला आहे. येथे यंत्राने काम केले, पण पाठ घेतला तो प्रश्नाने. पुढच्या रविवारी मुलांना घेऊन ती नदीकाठी गेली, तर पाठ पुरा झाला असे म्हणावे.

तंत्रज्ञानाने एक नवे संकटही दारात आणले आहे. भ्रमणध्वनीवर इतिहासाच्या नावाने रोज काहीतरी येते. एका राजाच्या नावाखाली दुसऱ्याचे चित्र, कुणी न बोललेले उद्गार, कुठेच न सापडणारे आकडे. त्यांतले काही आपल्याला दुखावणारे असते, काही सुखावणारे. दुखावणाऱ्या खोट्याची तपासणी सगळेच करतात. सुखावणाऱ्या खोट्याची तपासणी जो करतो, तोच इतिहासाचा शिक्षक. आपल्या पूर्वजांचा पराक्रम बनावट चित्रांच्या आधारावर उभा नाही. उलट, खोटे एक चित्र उघडे पडले की त्याच्या शेजारच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा मुलांचा विश्वास उडतो.

याबाबतीत महाराष्ट्राला आदर्श शोधायला दूर जावे लागत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. दप्तरांतले जीर्ण कागद त्यांनी मिळवले, वाचले, छापले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८मध्ये निघाला आणि पुढे २२ खंड झाले. १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. राजवाड्यांजवळ संगणक नव्हता, पण पुराव्यावाचून न बोलण्याची शिस्त होती. ज्याच्याजवळ संगणक आहे आणि ती शिस्त नाही, त्याच्या वर्गात अफवाच तेवढी वेगाने पसरेल.

आणखी एका गोष्टीचा विसर पडू नये. २०२०च्या टाळेबंदीत शाळा भ्रमणध्वनीवर आल्या. ज्या घरात एकच संच, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जाई आणि मुलाचा वर्ग बुडे. अनेक शिक्षक तेव्हा वस्तीवर गेले, झाडाखाली, देवळाच्या ओवरीत चार-चार मुले घेऊन बसले. समरसतेची भाषा करणाऱ्या समाजाने हे चित्र मनात ठेवले पाहिजे. वर्गातल्या ज्या मुलाच्या घरी साधन नाही, त्याला गटात पहिल्यांदा साधन हाती मिळावे, एवढा साधा नियम शिक्षकाने केला तरी पुष्कळ साधेल.

चार गोष्टी सांगून समारोप करणे उचित ठरेल. चित्र दाखवण्याआधी प्रश्न ठरवावा. जे दाखवायचे, त्याचा पुरावा आधी स्वतः पाहावा. वीज गेली तरी पाठ चालेल, एवढी तयारी असावी. आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचा हात यंत्राला लागल्यावाचून तास संपवू नये.

परितेवाडीच्या शाळेत जे घडले, ते मोहोळच्या कोणत्याही शाळेत घडू शकते. कोड छापून मिळतो, पडदा विकत मिळतो. मुलाजवळ जाऊन बसण्याची इच्छा मात्र शिक्षकाने घरूनच आणावी लागते. राष्ट्राच्या उभारणीचे काम शेवटी तिथेच सुरू होते.