शिकलेली माणसं बाबाच्या मागे का जातात?



बुवा-बाबांचा विषय निघाला की आपण पटकन म्हणतो, "लोक अडाणी आहेत, शिकले की सुधारतील." मी इंजिनियर आहे, सॉफ्टवेअर लिहितो. म्हणून आज मुद्दाम अशा एका पंथाबद्दल बोलणार आहे, ज्यात माझ्यासारखी शिकलेली माणसं भरपूर होती.

२० मार्च १९९५, सोमवार. टोकियोत सकाळची गर्दीची वेळ. मेट्रोच्या पाच गाड्यांत पाच माणसं चढली. त्यांनी द्रवानं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या खाली टाकल्या, छत्रीच्या टोकानं फोडल्या आणि उतरून गेली. तो द्रव म्हणजे सरीन हे विष होतं. मृतांचा आकडा पुढे १४ वर गेला, हजारो लोकांना बाधा झाली.

त्या पाच जणांपैकी इकुओ हायाशी हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. तोरू तोयोदा टोकियो विद्यापीठात आणि केनिची हिरोसे वासेदा विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले. सरीन बनवणारा मासामी त्सुचिया रसायनशास्त्राचा अभ्यासक. यातलं कोण अडाणी?

पंथाचं नाव ओम शिनरिक्यो. प्रमुख शोको असाहारा. दृष्टी अधू असलेल्या या माणसानं १९८४ मध्ये योगाचा छोटा वर्ग सुरू केला. हिमालयात जाऊन आल्यावर आपल्याला अंतिम ज्ञान मिळाल्याचं तो सांगू लागला. लोक आले ते योगासाठी, मनाच्या शांतीसाठी. पहिल्या दिवशी कुणालाही "चल, माणसं मारू" असं सांगितलं नव्हतं.

सगळं पायरीपायरीनं झालं. आधी वर्ग, मग शिबिर, मग देणगी. मग घरदार सोडून आश्रमात राहणं आणि सगळी मालमत्ता पंथाला देणं. तिथं झोप कमी, जेवण कमी, घरच्यांशी संबंध तोडलेला. शंका आली तर दोष शंका घेणाऱ्याचा: तुझं मन अजून अशुद्ध आहे! एकदा हे मान्य केलं की गुरू कधीच चुकत नाही.

गुन्हेही असेच वाढत गेले. १९८८ मध्ये साधनेदरम्यान एक अनुयायी मेला, ते लपवलं. १९८९ मध्ये ही गोष्ट माहीत असलेल्या आणि पंथ सोडू पाहणाऱ्या दुसऱ्या अनुयायाला ठार केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनुयायांच्या कुटुंबीयांची बाजू मांडणारे वकील त्सुत्सुमी साकामोतो यांना पत्नी आणि तान्ह्या मुलासह मारलं. खुनाला शब्दही पवित्र दिला: 'पोआ', म्हणजे आत्म्याला वरच्या लोकात पाठवणं. पहिलं खोटं झाकायला दुसरं पाप लागलं, आणि प्रत्येक पायरीवर परत फिरणं जास्त महाग होत गेलं.

मग शिक्षणाचं काय झालं? शिक्षणानं त्यांना प्रयोगशाळा चालवता आली, पण गुरूला प्रश्न विचारण्याची हिंमत त्यातून आपोआप आली नाही. उलट हुशार माणूस स्वतःच्या निर्णयाला अधिक चांगली कारणं शोधू शकतो. शिवाय या तरुणांना नोकरी पुरेशी वाटत नव्हती. आयुष्याला मोठा अर्थ हवा होता, आपलं म्हणणारी माणसं हवी होती. ही भूक खोटी नाही, ती आपल्यालाही लागते. असाहारानं नेमकी तीच भूक वापरली.

आमच्या कामात माणूस कितीही सीनियर असो, त्याचा कोड दुसरा कुणीतरी तपासतो. हा त्याचा अपमान नसतो, तशी पद्धतच असते. मग जो माणूस आपल्या आयुष्याचे निर्णय घेऊ पाहतो, त्याला तपासायचं का नाही? तो बाबा असो, पीर असो, पक्षाचा नेता असो की यूट्यूबवरचा वक्ता.

तपासायला चार प्रश्न पुरेत. इथं उघडपणे "मला हे पटत नाही" म्हणता येतं का? पैशाचा हिशेब दिसतो का? आई-वडील, जुने मित्र यांच्यापासून मला तोडलं जातंय का? आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा: सोडून गेलेल्यांबद्दल इथं कसं बोलतात? त्यांना गद्दार, पापी, काफिर म्हणत असतील, तर उद्या तुम्हालाही तेच म्हणतील.

असाहारासह १३ जणांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली. पण त्यानं प्रश्न संपत नाही. मूळ पंथातून निघालेले गट पुढेही चालूच राहिले.

शेवटी एक विनंती. तुमच्या ओळखीचं कुणी अशा वर्तुळात अडकलं असेल तर त्याची टिंगल करू नका. "तू वेडा झालास" म्हटलं की त्याच्या गुरूचंच म्हणणं खरं ठरतं: बाहेरचे लोक तुझे वैरी आहेत. फोन करत राहा, ईदला घरी बोलावा, त्याच्या आवडीचं जेवण करा. ज्या दिवशी त्याला परत फिरावंसं वाटेल, त्या दिवशी त्याला जायला एक उघडं दार हवं. ते दार आपलं असू द्या.