पाणी थोडं कमी घाला

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



कमिटीने मला विषय दिला आहे, 'नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी घरातली झाडं'. मी शाळेत शास्त्र शिकवायचे, त्यामुळे एकदा बोलायला लागले की घड्याळ दिसत नाही हे कमिटीला माहीत आहे. म्हणून बटाटेवडे येईपर्यंतच बोलायचं, असं ठरलं आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या लिफ्टमध्ये एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे! "आमच्याकडे झाडं जगतच नाहीत हो, माझ्या हातालाच गुण नाही." काकू, वहिनी, हाताच्या गुणाचा यात काही संबंध नाही. फ्लॅटमधलं झाड बहुतेक वेळा दुर्लक्षाने मरत नाही, लाडाने मरतं. सकाळी पूजा झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायची आपली सवय. तुळस बाल्कनीत उन्हात असते, तिला ते चालतं. तोच तांब्या हॉलच्या कोपऱ्यातल्या कुंडीत रोज रिकामा झाला, तर महिन्याभरात झाड गेलंच म्हणून समजा.

असं का होतं? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यात ही हवा असते. त्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. आता गंमत बघा. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे पानं मलूल होतात. आपण म्हणतो, अरेरे, तहानलंय बिचारं! आणि आणखी एक तांब्या ओततो. तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून जवळजवळ सारखंच दिसतं, फरक कळतो तो मातीत. बोट दोन पेरं आत खुपसा. माती कोरडी लागली आणि कुंडी उचलल्यावर हलकी वाटली, तर पाणी घाला. माती ओली आहे, खालची पानं पिवळी पडताहेत, कुबट वास येतोय, भोवती बारीक चिलटं उडताहेत, तर हात आवरा. फारच बिघडलं असेल तर झाड बाहेर काढा, काळी, मऊ पडलेली मुळं कापून टाका आणि नव्या, कोरडसर मातीत लावा. पुष्कळ वेळा वाचतं.

"मग आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?" हा प्रश्न येणारच. वार ठरवू नका. आपल्या पुण्यात मे महिन्यात जी कुंडी चार दिवसांत सुकते, तीच जुलैत पंधरा दिवस ओली राहते. कुंडीला खाली भोक हवंच. नर्सरीतली लाल माती घट्ट बसते, तिच्यात निम्म्याने कंपोस्ट आणि जाड वाळू मिसळा. कंपोस्ट विकत आणू नका, आपल्या खताच्या टाकीत भरपूर पडलं आहे.

आता उजेड. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागेवर फूटभर उंच हात धरा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, पुसट पडली तर मध्यम, पडलीच नाही तर तिथे झाड नको, फोटोफ्रेम ठेवा. आपल्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांना समोरच्या इमारतीमुळे उजेड कमी आहे. ज्यांना तिथे गुलाब हवाय, त्यांना मी नम्रपणे नाही म्हणते.

सुरुवात कशाने करावी? माझं मत विचाराल तर स्नेक प्लांटने. इंग्रजीत याला सासूची जीभ असंही म्हणतात, पहिल्या रांगेतल्या सुनांनी हसू नये. हे पश्चिम आफ्रिकेतलं झाड आपल्या जाड पानांत पाणी साठवतं. दिवसा उन्हात पाण्याची वाफ होऊन जाऊ नये म्हणून ते पानांची छिद्रं बरीचशी रात्री उघडतं. थंडीत तर महिन्यातून एकदा पाणी पुरतं. रात्री छिद्रं उघडतात, यावरून 'हे झाड रात्रभर ऑक्सिजन देतं' असा मेसेज फिरतो, पण तो खरा नाही. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेतं. ऑक्सिजन तयार व्हायला उजेडच लागतो.

झीझी प्लांटही तसाच चिवट, त्याला मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात. आणि मनी प्लांट. तो चोरून आणला की चांगला वाढतो म्हणतात, त्यामुळे आपल्या जिन्यातल्या कुंड्यांवर काय आपत्ती येते ते सेक्रेटरी साहेबांना विचारा! त्याचं मूळ गाव पॅसिफिक महासागरातलं मोरेआ बेट आणि त्या द्वीपसमूहाचं नाव आहे सोसायटी आयलंड्स. म्हणजे सोसायटीत राहायची त्याला पहिल्यापासून सवय.

घरातली हवा शुद्ध होते का, हेही मला नेहमी विचारतात. 1989 मध्ये नासाने एक प्रयोग केला होता, त्यावरून ही समजूत पसरली. तो प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये होता. पुढे 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. खिडकीतून हवा खेळते तेवढा परिणाम झाडांनी साधायचा, तर एका चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडं लागतील, असं त्यात दिसलं. तेव्हा झाड आवडतं म्हणून लावा, आणि हवेसाठी खिडकी उघडा.

आता दोन गोष्टी जरा गंभीरपणे सांगते. मनी प्लांट, झीझी, डिफेनबेकिया, अॅग्लोनिमा ही सगळी अळूच्या कुळातली. अळूने घसा का खाजतो? त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून तर आपण चिंच घालून नीट शिजवतो. रांगत्या बाळाने यातलं पान कच्चं चावलं तर तोंड, जीभ सुजते. घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर ही झाडं उंचावर ठेवा. स्नेक प्लांटही खाण्यातला नाही. खाली ठेवायला स्पायडर प्लांट उत्तम. तो विषारी नाही, आणि पावसाळ्यात मंडईत येणारी फोडशीची भाजी त्याच्याच भावकीतली आहे.

दुसरी गोष्ट कुंडीखालच्या ताटलीची. डेंगी पसरवणारा एडीस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी आटलं तरी काही महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा ताटली घासायची, मनी प्लांटची बाटलीही. हा डास फार लांब उडत नाही, म्हणजे तुमच्या ताटलीतला डास तुमच्या घरात किंवा शेजारच्या घरातच चावणार. तुम्ही ताटली घासली नाहीत, तर ताप शेजारच्या आजोबांना येऊ शकतो. पेस्ट कंट्रोलच्या बिलावर जनरल बॉडीत तासभर भांडण्यापेक्षा एका रविवारी सगळ्यांनी ताटल्या घासल्या तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्यातले बरेच जण मुलांकडे अमेरिकेला सहा-सहा महिने जातात आणि किल्ली शेजारी देऊन जातात. शेजारी प्रेमाने रोज पाणी घालतात, आणि परत आल्यावर काय दिसतं ते आता तुम्हाला कळलं असेल. किल्लीबरोबर एक चिठ्ठी द्या आणि कुंडीवरही चिकटवा: 'महिन्यातून दोनदा, माती बघून'.

बटाट्यांचा वास आला, म्हणजे माझी वेळ संपली. मागच्या टेबलावर स्पायडर प्लांटची तीस छोटी रोपं ठेवली आहेत, एका घराला एक. त्यांना कालच पाणी घातलं आहे, घरी नेल्यावर लगेच घालू नका. आणि रोप उचलण्याआधी मला येऊन सांगा, तुमच्या हॉलची खिडकी कुठल्या दिशेला आहे.