हसू जपूया, दात जपूया

मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावांतल्या आईबाबांशी आज डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दातांबद्दल थोडं बोलायचं आहे.

डाउन सिंड्रोम म्हणजे २१व्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत. या मुलांचे दात उशिरा येतात, म्हणून घाबरू नका. काही दात लहान असतात, काही येतच नाहीत. बरीच मुलं तोंडाने श्वास घेतात. तोंड कोरडं पडतं आणि लाळेचं संरक्षण कमी होतं. दात किडू शकतात, पण खरा धोका हिरड्यांना असतो. ब्रश करताना रक्त आलं, तर ब्रश थांबवू नका, दाखवून घ्या.

लेकराला पुढ्यात बसवा, त्याचं डोकं आपल्या छातीशी टेकवा आणि मागून हलक्या हाताने ब्रश फिरवा. पेस्ट फ्लोराइडची घ्या: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. रात्रीचा ब्रश चुकवू नका. गोड औषध दिल्यावर पाणी पाजा.

डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. दाताच्या डॉक्टरांना तो आधीच सांगा. काहींना उपचारापूर्वी प्रतिजैविक द्यावं लागतं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात. डाउन सिंड्रोम आणि दातांची कीड, दोन्ही त्यांच्या तपासणीत आहेत. पथक आलं की आपलं लेकरू घरी ठेवू नका, पुढे आणा. त्याचं हसू निरोगी राहणं हा त्याचा हक्क आहे.