फळ्यावरच्या कोळंबीला डोकं नव्हतं
(महासंघाच्या मासिक सभेतील क्षेत्र समन्वयकांचे मनोगत)



आज माझीच चूक सांगायला उभी आहे. जत्रेत आपल्या एका गटाने कोळंबी-भाकरीचा स्टॉल लावला. त्यासाठी गटातून 3000 रुपये कर्ज उचललं. हिशोब फळ्यावर मी करून दिला होता. 5 किलो कोळंबी, 400 रुपये किलो, एका प्लेटला 100 ग्रॅम, म्हणजे 50 प्लेटा. प्लेट 80 रुपये, गल्ला 4000.

प्रत्यक्षात प्लेटा झाल्या 27!

एक काकू म्हणाल्या, "पोरी, तुझ्या फळ्यावरच्या कोळंबीला डोकं नव्हतं गं!"

खरंच होतं. आणलेली कोळंबी तळ्यातली व्हॅनामी. ही मूळची मेक्सिको ते पेरूच्या किनाऱ्यावरची. आपल्या देशात तिच्या शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली. डोकं, साल, काळा दोरा काढल्यावर आमच्या काट्यावर किलोमागे 550 ग्रॅमच उरली. म्हणजे सोललेली कोळंबी 400 नाही, 727 रुपये किलो पडली. 100 ग्रॅमलाच 73 रुपये! मसाला, तेल, पीठ, गॅस यांचे 700 वेगळे. खर्च 2700, गल्ला 2160. तोटा 540 रुपये. कर्जाचा हप्ता बायकांनी घरच्या पैशातून भरला. मला रात्री झोप आली नाही.

पुढच्या बाजाराला आधी काटा, मग भाव. प्लेट 130 ला ठेवली. 27 प्लेटांचे 3510 झाले, उरले 810. मागचा तोटा भरून 270 हातात. पण बायांनो, यात आपली मजुरी अजून धरलेली नाही. ती धरायलाच हवी.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. कोळंबी घेतल्या घेतल्या बर्फात घाला, किलोला किलोभर बर्फ. उग्र वास आला तर घेऊ नका. तीन-चार मिनिटांत शिजते; जास्त शिजवली की आकसते, चिवट होते. डोकी-साली फेकू नका, धुऊन उकळा, गाळा, त्याचा रस्सा करा. आणि कोळंबी सोसत नाही असं कुणी गिऱ्हाईक आहे का, हे वाढण्याआधी विचारा.

प्रथिनं भरपूर असतात तिच्यात, म्हणून विकताना आपल्या ताटातही दोन पडू द्या. पण त्या दोनही वहीत लिहा!