चळवळीचा आवाज आणि चळवळीचा हिशेब



चळवळीचा आवाज विरोधक दाबतात, असे आपण नेहमी ऐकतो. ते खोटे नाही. परंतु तोच आवाज कधी कधी आपल्या घरातल्या भांडणाने आणि वहीतल्या गोंधळाने बंद पडतो, याविषयी आपण फारसे बोलत नाही. त्यासाठी दोन रेडिओंची हकीकत आम्ही आपल्यापुढे ठेवतो. एक मुंबईची, दुसरी अमेरिकेतली.

9 ऑगस्ट 1942 रोजी पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. तेव्हा मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीने व तिच्या सोबत्यांनी गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालविला. राममनोहर लोहिया त्यांच्या पाठीशी होते. जमशेदपूरचा संप, चिमूर-आष्टीचे अत्याचार अशा दडपलेल्या बातम्या त्याने लोकांना दिल्या. यंत्र या घरातून त्या घरात हलवावे लागे. 12 नोव्हेंबरला एक तंत्रज्ञ फुटला आणि पोलिसांचा छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या रेडिओवर नाव गाजविण्याची सोय नव्हती. नाव कळले की तुरुंग ठरलेला.

दुसऱ्या हकीकतीत पोलीस नाहीत आणि बंदीही नाही. अमेरिकेत रेडिओवर तासन्‌तास राजकीय चर्चा चालते, श्रोते टेलिफोन करून वाद घालतात. 1988 पासून रश लिंबॉ या वक्त्याने हे मैदान पुराणमतवाद्यांसाठी गाजविले. त्याला उत्तर म्हणून 31 मार्च 2004 रोजी ‘एअर अमेरिका’ हे पुरोगाम्यांचे जाळे सुरू झाले. अल फ्रँकेन हे विनोदी लेखक त्याचे मुख्य आकर्षण. बोलणारे चांगले होते, ऐकणारेही मिळाले.

पण पाया कच्चा होता. जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्याआधीच मोठ्या शहरांत स्टेशनांची वेळ भाड्याने घेतली गेली. तिजोरीत मात्र सांगितले होते त्याहून किती तरी कमी पैसा होता. दोन आठवड्यांतच शिकागो व लॉस एंजेलिस येथील प्रक्षेपण तुटले. धनादेश वटला नाही, असे स्टेशनमालकाचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले. मे महिन्यात अध्यक्ष पायउतार झाले आणि नोकरांचा पगार चुकला. पुढे 2005 साली उघडकीस आले की, न्यूयॉर्कमधील मुलांसाठी व वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे सुमारे 8 लाख 75 हजार डॉलर या कंपनीकडे वळविले गेले होते.

मजूर मंडळींनो, येथे क्षणभर थांबा. जे रोज कष्टकऱ्यांची बाजू मांडत होते, त्यांच्याच कचेरीत कष्टाचा दाम वेळेवर मिळाला नाही. विरोधकाला याहून मोठे हत्यार कोणते हवे?

मग माणसामाणसांतले खटके. त्याच 2005 साली मार्क मॅरन यांचा सकाळचा कार्यक्रम लोकप्रिय असूनही बंद झाला. मुख्य अधिकाऱ्याशी त्यांचे जमेना. ज्यांनी कार्यक्रमांची घडी बसविली त्या लिझ विन्स्टेड यांना काढले गेले आणि प्रकरण कोर्टात गेले. 2006 च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी जाहीर झाली. 2007 मध्ये ग्रीन बंधूंनी ते जाळे विकत घेतले. 2008 साली रँडी रोड्स या नामांकित निवेदिकेला एका सभेतील शिवराळ भाषणावरून निलंबित केले. त्या निघून गेल्या. जानेवारी 2010 मध्ये कारभार आटोपला.

कोणी म्हणेल, जाहिरातदारांनी त्यांना वाळीत टाकले होते. तेही खरे आहे. आमच्या रेडिओवर आमची जाहिरात नको, असे अनेक बड्या कंपन्यांनी कळविले होते. पण धनवान आपल्या टीकाकाराला पोसणार नाहीत, हे गृहीत धरूनच चळवळीने पाऊल टाकावयाचे असते. त्यात नवल ते काय?

त्याग हेच उत्तर, असेही आम्ही म्हणणार नाही. काँग्रेस रेडिओ जेमतेम तीन महिने चालला. तेवढ्या काळात तरुणांनी जीव पणाला लावला. वर्षानुवर्षे चालावयाची संस्था उपाशी माणसांच्या त्यागावर चालत नाही. तिला पगार द्यावा लागतो, भाडे भरावे लागते, आणि त्यासाठी आधी शिल्लक पाहावी लागते.

युनियनच्या कामात आम्ही एक पाहिले आहे. व्यासपीठावर बोलणाऱ्याला टाळ्या मिळतात. पावतीपुस्तक सांभाळणारा कोपऱ्यात बसतो. ज्या युनियनमध्ये वक्ता खजिनदाराला प्रश्न विचारीत नाही आणि खजिनदार वक्त्याला खर्च नाकारू शकत नाही, तिथे आज ना उद्या तडा जातो. सभासदांपुढे महिन्याचा हिशेब वाचला जातो, तिथे भांडणे होत नाहीत असे नव्हे; पण ती चारचौघांत होतात आणि मिटतात. अंधारात असलेल्या पैशावरून झालेला वाद मात्र मनात राहतो, आणि पुढे त्यालाच स्वभावांची टक्कर असे नाव मिळते.

आपल्या गावात वाचनालये आहेत, सोसायट्या आहेत, मंडळे आहेत. उद्या कोणी तरुण साप्ताहिक काढील, कोणी मोबाईलवर वार्ता सांगू लागेल. त्याला जरूर शाबासकी द्या. पण वर्गणी देताना पावती मागा, आणि वर्षअखेर हिशेब ऐकावयास जाऊन बसा. एवढे केलेत, तर त्याचा आवाज टिकविण्यास तुमचाही हातभार लागेल.