काळ्या मातीतली परसबाग

बोरगाव, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यात काळ्या मातीचं राज्य. लाव्हाच्या खडकापासून बनलेली ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा दाखवते. संत्र्याच्या बागेत तिला जपणारी माणसंही घरामागच्या दोन वाफ्यांत ओल्या चिखलात कुदळ घालतात. मग ती ढेकळं वाळल्यावर हातोड्याशिवाय फुटत नाहीत.

खणायचं ते वाफसा आल्यावर. मूठभर माती दाबून गोळा करावा नि बोटाने टोचावा. भुसभुशीत फुटला तर खणावं, बोटाला चिकटला तर थांबावं. माती मोकळी व्हावी म्हणून टोपलीभर रेती मिसळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. थोड्या रेतीने ही माती उलट घट्ट बसते. तिला हवं कुजलेलं खत.

त्याची चांगली रीत शेजारच्या विदर्भातलीच. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, यांचं टाकं १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांच्या भिंतीत हवेसाठी झरोके, आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, वरून शेणमातीचं लिंपण. तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण थोडंच लागतं, आणि गोठे रिकामे होत चाललेल्या गावांत हीच मोठी सोय. परसबागेला तीन फुटी चौकोनी टाकं पुरे. कुटार, पालापाचोळा, भाज्यांची देठं सगळं चालतं. पऱ्हाट्या मात्र बारीक तोडून घालाव्यात, अख्ख्या लवकर कुजत नाहीत.

चुलीची राख वाफ्यात टाकायची सवय मोडलेली बरी. इथली बरीच माती चुनखडीची, मुळातच अल्कधर्मी. राख त्यात भर घालते. अंगणातल्या लिंबाची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की लोक युरिया ओततात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. कोवळी झाली, तर बहुधा लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारावं आणि झाडाखाली पाणी साचू देऊ नये.

मृगाच्या पावसावर चवळी, गवार, दोडके. वांगी-मिरचीची रोपं गादीवाफ्यावरच, नाहीतर श्रावणझडीत मुळं सडतात. चवळीचा बहर सरला की वेल उपटू नये, बुडाशी कापावा. मुळांवरच्या गाठींतलं नत्र मातीतच राहतं. दसऱ्यानंतर त्याच वाफ्यात पालक, मुळा, सांबार. सांबारासाठी धणे रगडून, दोन फाका करून पेरावेत.

फाल्गुन लागला की वाफ्यांवर चार बोटं जाड कुटार पसरावं. ओल टिकते, भेगा कमी पडतात. फक्त ते झाडाच्या बुंध्याला भिडू देऊ नये, वीतभर जागा सोडावी. नाहीतर वाळवी आधी तिथेच येते.