हस्तलिखितांची सूची आणि संगणकीय जतन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सुमारे २८ हजार हस्तलिखिते आहेत व त्यांत जैन ग्रंथांचा वाटा मोठा आहे. मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी विद्वानांकडून जमविलेला संग्रह १९१८ मध्ये संस्थेच्या स्वाधीन झाला. तेथील जुन्या क्रमांकातच प्रत संग्रहात आल्याचे साल गुंफलेले असते. व्यापाऱ्याच्या खरेदीवहीसारखी ही पद्धत. तीमुळे पोथी कपाटात सापडते, पण तिच्या आत काय आहे ते उमगत नाही.

त्यासाठी वर्णनात्मक सूची हवी. प्रा. हीरालाल रसिकदास कापडिया यांनी संस्थेतील जैन हस्तलिखितांची अशी सूची अनेक भागांत सिद्ध केली. पत्रसंख्या, लांबी-रुंदी, पृष्ठावरील ओळी, ओळीतील अक्षरे, लिपी, आरंभ, अंत, लिपिकाराने शेवटी दिलेला संवत, इतके टिपल्यावरच कल्पसूत्राची एक प्रत दुसरीहून वेगळी ओळखता येते. काम कंटाळवाणे खरे, आणि टाळले जाते ते म्हणूनच!

याहून मोठी अडचण नावांची. तत्त्वार्थसूत्र कोणाकडे तत्त्वार्थाधिगमसूत्र म्हणून, तर कोणाकडे मोक्षशास्त्र म्हणून नोंदलेले असते. भगवतीसूत्र आणि व्याख्याप्रज्ञप्ती हा एकच आगम, हे श्रावकास ठाऊक असते. संगणकास कोणीतरी सांगावे लागते. म्हणून ग्रंथपाल एक नाव प्रमाण मानून बाकीची त्यास जोडतात. संगणक आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी प्रा. हरि दामोदर वेलणकर यांनी निरनिराळ्या भांडारांच्या याद्या एकत्र करून ‘जिनरत्नकोश’ रचला व तो १९४४ मध्ये याच संस्थेने प्रकाशित केला. आजच्या संगणकीय सूचीचा पाया अशाच चिकाटीने घातला जातो.

छायाचित्रणाचे काम त्यानंतरचे. पोथीची पाने सुटी असतात. एक पान उलटे ठेवले गेले तरी क्रम बिघडतो. ग्रंथालये प्रत्येक पानाची एक मोठी मूळ प्रतिमा सांभाळून ठेवतात, वाचकास हलकी प्रत देतात आणि मूळ प्रतिमेची नक्कल दुसऱ्या जागी राखतात. तथापि प्रतिमा म्हणजे मजकूर नव्हे. जुन्या जैन नागरीत एकाराची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या वर नसून आधी, उभ्या रेघेसारखी असते. छापील देवनागरीवर शिकलेले यंत्र तिला काना समजते. अशा पोथीत शब्द शोधायचा तर जाणकार वाचकच लागतो.

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ अभियान जाहीर झाले. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट असून त्यात खाजगी संग्राहकांचाही समावेश आहे. म्हणजे मंदिराच्या पेटीतील आणि घरच्या माळ्यावरील पोथ्यांचाही. अनेक ठिकाणी मोबाईलवर फोटो काढून काम झाले असे मानतात; वर्षभराने त्या फोटोंत कोणते पान कोणत्या पोथीचे, हे काढणाऱ्यासही सांगता येत नाही. वेष्टन सोडण्यापूर्वी पोथी कोणत्या घरातून, कोणाकडून आली ते विचारून लिहून घ्यावे. ही माहिती पोथीत बहुधा नसते. ती घरातील वडीलधाऱ्यांपाशी असते, आणि त्यांतील पुष्कळांनी आता ऐंशी ओलांडली आहे.